पाठकोऱ्या कागदावरचे प्रांत

मंगळवारी सकाळी, इथे जपानमध्ये, उरायासु स्टेशनच्या जिन्यावर असताना वैशालीचा फोन आला. "श्रीकांत उठत नाहीये गं…" मी तशीच उलट्या पावली धावले, पण त्यांच्या घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता सात आठवडे झाले.

श्रीकांत, वैशालीचा नवरा, माझ्या टीममध्ये होता. मूळचा डोंबिवलीचा, जिभेला तिखट आणि कामाला वाघ. आमची कंपनी परदेशी पार्सलांच्या पत्त्यांचं सॉफ्टवेअर सांभाळते, त्यात व्हिएतनाम श्रीकांतकडे. तिथल्या सरकारनं प्रांत एकमेकांत विलीन केले. मोठी शहरं धरून त्रेसष्ट होते, त्यांचे चौतीस झाले. कुठला जुना प्रांत कुठल्या नव्यात गेला, याची यादी श्रीकांत हातानं लिहायचा, तीही पाठकोऱ्या कागदांवर. कोरा कागद वापरला की जणू पाप लागायचं त्याला!

त्याच्या शेजारी बसणारी व्हिएतनामी लान, इथल्या रीतीनं लान-सान, थाय बिन्ह प्रांताची. तो प्रांत हुंग येनमध्ये गेला. श्रीकांतनं ते नाव खोडलं, तेव्हा ती म्हणाली, "आई अजून जुनाच पत्ता लिहिते." एरवी चेष्टा करणारा हा माणूस हसला नाही. "खोडायला किती सोपं असतं ना…" एवढंच पुटपुटला.  कामाचा डोंगर होता, मी ते विसरून गेले.

त्याच आठवड्यात कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीचे रिपोर्ट आले. श्रीकांत जपानी फाडफाड बोलायचा, पण वाचायचा त्याला भारी कंटाळा. त्यानं नुसती श्रेणी पाहिली. "डी आलाय! काठावर पास!" आम्ही सगळे भारतीय खो खो हसलो. जेवताना मात्र हळूच म्हणाला, "डावा हात भरून येतो गं अधूनमधून. गुरुवारी दाखवून येऊ?"

"सोमवारी यादी सिस्टीममध्ये चालू करायचीय. आधी प्रांत संपव, मग खुशाल जा," मी म्हणाले. वर त्यानं नुकत्याच उतरवलेल्या पक्क्या यादीवर लाल पेनानं तसं लिहिलंसुद्धा.

"जशी आज्ञा, बाईसाहेब."

सोमवारी यादी चालू झाली. एकही पार्सल अडलं नाही. मंगळवारी वैशालीचा तो फोन.

दिवस झाल्यावर तिनं त्याची ऑफिसची बॅग माझ्यापुढे ठेवली. "तुमचं ऑफिसचं काही असेल तर घे." आत ती यादी होती. त्रेसष्ट नावं, प्रत्येकापुढे बरोबरची खूण, आणि कोपऱ्यात माझ्या अक्षरात, दोनदा अधोरेखित: 'आधी हे!' मी सहज कागद उलटला. मागे छापील जपानी. श्रीकांतचं नाव, तो डी, आणि खाली त्याचा अर्थ: हृदय, सविस्तर तपासणी तातडीनं करावी.

"काय लिहिलंय गं?" वैशालीनं विचारलं. तिला जपानी वाचता येत नाही.

"काही नाही… ऑफिसची यादी आहे," मी म्हणाले आणि कागद पर्समध्ये टाकला. अजून तिथेच आहे तो.

वैशाली, वर्तमानपत्राची ही पुरवणी तू वाचतेस, म्हणून इथे लिहितेय. मी खोटं बोलले. रविवारी तो कागद घेऊन येते. दोन्ही बाजू वाचून दाखवते. मग हवं तर दार लावून घे.