चिमाल पडेपर्यंत

माझी थोरली बहीण यांगजी वैशाखात अकरा चौंरी, म्हणजे याक आणि गाईच्या संकराची दुभती जनावरं, घेऊन मिल्केच्या डोंगरधारेवर चढायची आणि कार्तिकात खाली उतरायची. मधले सहा महिने ती, तिची जनावरं आणि धुकं. तिचा नवरा दार्जिलिंगला कामाला गेला होता. तिसऱ्या वर्षी त्याचा निरोप आला, 'माझी वाट बघू नकोस.' निरोप आणणाऱ्याला दिदी म्हणाली, "बघत कोण होतं?" आणि दूध काढायला बसली.

तिच्या गोठ्यामागे चिमालचं एक झाड होतं. लाल फुलांच्या गुरांसाची झाडं संपतात तिथून वर चिमालचं रान लागतं. त्याची साल कांद्यासारखी सुटते आणि पानं एवढी मोठी की लोणी आम्ही त्यातच बांधतो. हे झाड म्हातारं होतं, गोठ्याच्या बाजूला कललेलं होतं आणि त्याच्या बुंध्याला हंड्याएवढी गाठ होती.

त्या गाठीसाठी ग्याल्जेन आला. तो पलीकडच्या गावचा, लाकडी वाट्या कोरणारा. चिमालच्या गाठीची वाटी तडकत नाही आणि उकळता चहा ओतला तरी हात भाजत नाही. पण रान गावाच्या वनसमितीचं, आणि समितीच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं, फक्त पडलेलं झाड न्यावं.

"कधी पडेल असं वाटतं?" त्याने दिदीला विचारलं.

"मला काय विचारता? ते माझ्याशी बोलत नाही."

त्याने झाडाला तीन फेऱ्या मारल्या, चहा घेतला आणि गेला. पुढच्या वैशाखात पुन्हा हजर. दिदीला त्याची दया आली असावी. थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली, "दाजू, मी दोन दिवस बाजाराला जाते. झाडाचं काय व्हायचं ते होऊ दे. मला काही दिसलं नाही."

ग्याल्जेनने खिशातून चिठ्ठी काढली. "इथे 'पडलेलं' लिहिलंय. 'पाडलेलं' नाही."

"एका कान्याचा तर फरक!"

"काना मोठा असतो," तो म्हणाला आणि चिठ्ठीची घडी घालून ठेवली.

तिसऱ्या वर्षी तो आला त्याच दिवशी एका वासराने भुकेपोटी चिमालचा पाला खाल्ला. तोंडाला फेस आला, पाय लटपटायला लागले. ग्याल्जेन दोन दिवस त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि बांबूच्या नळीने त्याला ताक पाजत राहिला. वासरू उठलं आणि त्याने ग्याल्जेनच्या गुडघ्यावर लाथ मारली. तेव्हापासून दिदीने त्याला अहो-जाहो करणं सोडलं.

खाली गावात मात्र सगळ्यांचं ठरून गेलं होतं. चौथ्या वर्षी आईने शेजारणीकडून गालिचा मागून आणला, यंदा ग्याल्जेनकडचे मागणी घालायला छांग, म्हणजे घरची दारू, घेऊन येणार म्हणून. कोणी आलं नाही. गालिचा परत करताना आई त्या शेजारणीशीच भांडली.

मी दिदीला म्हटलं, "तो तुझ्यासाठी येतो."

"झाडासाठी येतो. मला काही विचारलं तरी झाडाचंच विचारतो."

"मग तो यायचा असला की कानात पोवळी कशाला घालतेस?"

"कान रिकामे असले की वारा शिरतो."

सातव्या वर्षी श्रावणात, भर दुपारी, झाड पडलं. दिदी बाहेर धार काढत होती. गोठ्याचं छप्पर आणि ताक घुसळायचा डेरा एकदमच गेले. तिने एका मेंढपाळाबरोबर निरोप धाडला, एकच शब्द, 'पडलं'.

ग्याल्जेन करवत आणि वाकस घेऊन तिसऱ्या दिवशी पोचला. आधी गाठीपाशी गेला, तिच्यावर हात फिरवला, कान लावून ठोकून पाहिली. मग वळून म्हणाला, "तुला लागलं नाही ना?"

दिदीने हा क्रम नीट ध्यानात ठेवला. तिने त्याला चहा दिला, पण आमच्या चहात असतं ते मीठही नाही आणि लोणीही नाही. "घेऊन जा तुझं झाड," ती म्हणाली. "सगळं ने. पालासुद्धा."

त्याने गाठ कापली. आत भुसा होता आणि मुंग्या होत्या. एक वाटीसुद्धा निघाली नसती. दुपारभर तो त्या भुशाकडे बघत बसला. मग उठून बांबू तोडायला गेला आणि छपराला लागला.

छपराचं काम दोन दिवसांचं. त्याला एकोणीस लागले. विसाव्या दिवशी तो म्हणाला, "छप्पर झालं."

"झालं," दिदी म्हणाली.

"गळतंय का ते बघायला पाऊस पडेपर्यंत थांबावं लागेल."

"पाऊस पडतोच आहे."

"ह्याच्याहून मोठा."

दिदीने हातातली चरवी खाली ठेवली. "ग्याल्जेन, आता इथे बघण्यासारखं काय उरलंय? खरं बोल, नाहीतर ऊठ."

तो उठला नाही. मग म्हणाला, "पहिली दोन वर्षं मी झाडासाठी येत होतो."

"आणि पुढची?"

"पुढे ते पडू नये असं वाटायचं."

दिदी सांगते की तिला रडू आलं नाही, चुलीचा धूर होता. त्या दिवशी चूल पेटली नव्हती हे मला ग्याल्जेनने सांगितलं. ती त्याला एवढंच म्हणाली, "हे पाच वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलं नव्हतंस."

मार्गशीर्षात त्याचे काका छांग घेऊन आमच्या दारात आले. काकांनी रीतीप्रमाणे लांबण लावली. ते अर्ध्यावर पोचायच्या आत आईने वाटी रिकामी करून पुढे केली. म्हणजे होकार झाला. काका उरलेलं भाषण करतच राहिले, त्यांनी पाठ केलं होतं.

नंतरची चौदा वर्षं दोघं मिळून वर जात. तो वाट्या कमी आणि डवल्या जास्त कोरायचा, कारण डवल्यांना गाठ लागत नाही. मग दिदीचे गुडघे चढाला नाही म्हणायला लागले. चौंरी भाच्याकडे दिल्या आणि दोघं माझ्या शेजारी राहायला आली. मधली भिंत बांबूच्या चटईची आहे. दिदी दिवसभर बोलत असते. ग्याल्जेन तासातून एकदा "हो" म्हणतो, आणि बहुतेक वेळा बरोबर जागी म्हणतो.