शटर कोणी उघडं टाकलं

लिफ्टवाल्या मिस्त्रींना दोन व्यसनं होती. पहिलं चहाचं, ते चारचौघांत सांगण्यासारखं. दुसरं सांगायचं तर ऐकणाऱ्याला आधी खुर्चीत बसवावं लागे. पंचावन्नच्या पुढचा, टक्कल पडलेला, बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेला हा गृहस्थ दर रविवारी दुपारी तीन वाजता आपल्या वर्कशॉपमध्ये तीन शहाण्यासुरत्या माणसांना गोळा करी आणि त्यांना सांगे की जग बुडालेलं आहे.

ती माणसंही ऐकून घेत. एवढंच नाही, बुडालेल्या जगात आपण काय करतो आहोत तेही सांगत. खेळच तसा होता. मिस्त्री गोष्ट सांगणार, बाकीचे तिघं तिच्यातलं एकेक पात्र होणार. "आता तू काय करतोस?" असं मिस्त्रींनी विचारलं की ज्याने त्याने उत्तर द्यायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार.

गोष्टी मात्र मिस्त्रींच्या डोक्यातल्या नव्हत्या. त्या होत्या शेकडो वर्षांपूर्वीच्या, परमुलखातल्या चिलखती सरदारांच्या. दिलेल्या शब्दासाठी जीव देणारे, एखादीच्या रुमालासाठी भाले मोडणारे ते सरदार मिस्त्रींनी उचलून वीज गेलेल्या, पेट्रोल संपलेल्या जगात आणून ठेवले. चिलखतं मोटारींच्या बॉनेटची झाली. घोडे उरले नव्हते म्हणून सायकली आल्या, आणि भाल्यांऐवजी पडद्यांचे पाइप घेऊन सरदार उड्डाणपुलावर एकमेकांच्या अंगावर जाऊ लागले. किल्ला म्हणजे वीस मजली इमारत. तिची लिफ्ट कायमची बंद, त्यामुळे जो वरच्या मजल्यावर राहील तो सुरक्षित. राजा मात्र आठव्यावर राहायचा, कारण त्याचे गुडघे दुखत. राजाच्या गुडघ्यांबद्दल मिस्त्री इतक्या तपशिलाने बोलत, की ते कोणाचे हे विचारायची गरज नव्हती.

खेळणाऱ्यांत पहिले पोस्टमन. सदतीस वर्षं पायपीट करून निवृत्त झालेले, त्यामुळे ते थोरला सरदार होते आणि सायकल त्यांना मान्य नव्हती. "जग बुडालं असेल, माझा घोडा पोहून आला," असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठणकावलं, आणि तो घोडा शेवटपर्यंत राहिला. दुसरी कोपऱ्यावरची औषधवाली. सगळ्यांना वाटलं होतं, ही वैद्य होणार. "दिवसभर तेच करते, रविवारी तरी दोन-चार माणसं मारू द्या," म्हणाली, आणि लुटारू झाली. तिसरा मिस्त्रींचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो झाला ढालाईत, सरदाराच्या मागून त्याची ढाल घेऊन चालणारा. सरदार हो म्हटलं तर म्हणाला, "नको भाऊजी, माझं हेच बरं."

तेव्हा मिस्त्रींनी मान डोलावली आणि ते पुढे गेले. तिथेच त्यांना थांबता आलं असतं, पण माणूस थांबायच्या जागी थांबता तर कोणाबद्दल कोणाला काय सांगण्यासारखं राहिलं असतं!

मेव्हण्याची हकिगत सगळ्यांना ठाऊक होती, म्हणजे जी ठाऊक असायची ती. नऊ वर्षांपूर्वी तो मिस्त्रींच्या बरोबरीचा कारागीर होता, प्रमाणपत्रवाला. एका इमारतीत लिफ्टच्या दाराचा स्विच बिघडला होता. दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये म्हणून तो स्विच असतो. तपासणी करताना त्याला वळसा घालून एक वायर जोडतात आणि निघताना ती काढतात. त्या दिवशी ती निघाली नाही. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका बाई बाहेर पाऊल टाकत असताना लिफ्ट उघड्या दारानेच हलली आणि बाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला. चौकशीला सरकारी साहेब आले. "वायर काढायची कोणी विसरलं?" मेव्हणा म्हणाला, "मी." त्याचं प्रमाणपत्र गेलं. जमत आलेलं लग्न मोडलं. पुढची नऊ वर्षं तो मिस्त्रींची हत्यारांची पिशवी उचलून त्यांच्या मागून चालला. मिस्त्रींची बायको, त्याची सख्खी ताई, भाजी निवडता निवडता त्याला ऐकवायची, "गॅस बंद केलास का? बघ हं, तुझं काही सांगता येत नाही."

वायर जोडली होती मिस्त्रींनी. काढायची विसरले होते तेही मिस्त्रीच. मेव्हणा त्या वेळी वरच्या मशीनरूममध्ये ब्रेकला तेल देत होता.

धंद्याचा परवाना मिस्त्रींच्या नावावर होता. तो गेला असता तर दोघांचंही काम बंद. मेव्हण्याने साहेबांपुढे तोंड उघडलं ते हाच हिशोब करून, आणि मिस्त्रींनी तोंड मिटलं तेही हाच हिशोब करून. "चार-सहा महिने जाऊ देत, मग मी सांगतो सगळ्यांना," असं जिन्यात त्यांनी त्याला म्हटलं होतं. नंतर तो विषय दोघांनीही काढला नाही. शिक्षिका बाई पुढे आपल्या बहिणीकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या, तरी ती इमारत असलेल्या गल्लीतून मिस्त्री कधी जात नसत. विचारलं तर म्हणत, तिथे कुत्री फार आहेत.

सरदारांच्या गोष्टींचं ते जाडजूड पुस्तकही मेव्हण्यानेच रद्दीच्या दुकानातून आणलेलं. जेवणाच्या सुट्टीत, मशीनरूममध्ये पुलीशेजारी बसून तो मिस्त्रींना त्यातलं वाचून दाखवायचा. खेळ त्यातूनच निघाला. आणि त्या पुस्तकात एक गोष्ट होती, जी वाचून झाल्यावर दोघांनीही डबा अर्धाच सोडून दिला होता.

वेढा पडलेल्या किल्ल्याची गोष्ट. थोरला सरदार आपल्या कामाने मागच्या दिंडी दरवाजाने बाहेर जातो, परत येतो आणि अडसर लावायला विसरतो. शत्रू आत शिरतो, चाळीस माणसं मरतात. राजा विचारतो, कोणी उघडा टाकला? सरदाराचा ढालाईत पुढे होतो, "मी." त्याला हाकलून देतात. सरदाराचा पराक्रम गाजत राहतो. बऱ्याच वर्षांनी तो ढालाईत भिकाऱ्याच्या वेशात दरबारात येतो, तेव्हा सरदार सगळ्यांदेखत खाली उतरतो, गुडघे टेकतो आणि खरं सांगतो.

मिस्त्रींनी तीन वर्षांत पुस्तकातल्या सगळ्या गोष्टी बुडालेल्या जगात आणल्या. ही एकच टाळली. मग गोष्टी संपल्या, आणि पोस्टमन म्हणाले, "आता काय, माझा घोडा म्हातारा होईपर्यंत थांबायचं?" तेव्हा मिस्त्रींनी ती घेतली. दिंडी दरवाजाच्या जागी तळघरातल्या पार्किंगचं लोखंडी शटर आलं, शत्रूच्या जागी पाणी चोरणारी टोळी. आणि आणखी एक बदल केला. शटर विसरला ढालाईत. त्याला सगळ्यांसमोर कबुली द्यायची होती, आणि सगळ्यांनी त्याला माफ करायचं होतं.

आता हे का केलं, तर त्यांनी स्वतःला दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. एक म्हणजे पोस्टमनना गुन्हेगार केलं तर ते महिनाभर रुसतील. आणि दुसरं, माफी मिळाली की मेव्हण्याच्या मनावरचं ओझं जरा हलकं होईल. आपल्या अपराधाची माफी दुसऱ्याला भेट द्यायची, ही कल्पना सुचायलाही मोठं मन लागतं, नाही का!

त्या रविवारी वर्कशॉपमध्ये नेहमीसारखी मांडामांड झाली. टेबल म्हणजे जुन्या लिफ्टच्या दाराचं एक पान, खाली टेकूला दोन लोखंडी घोडे. एका बाजूला तारेच्या दोराची वेटोळी, दुसऱ्या बाजूला बिस्किटांचा डबा. गोष्ट रंगली. टोळी शटरमधून आत आली, औषधवालीने तिघांना लोळवलं, पोस्टमननी घोड्यावरून जिना चढायचा हट्ट धरला आणि फाशाने त्यांना दुसऱ्याच मजल्यावर पाडलं. मग दरबार भरला. राजाच्या आवाजात मिस्त्री म्हणाले, "शटर कोणी उघडं टाकलं?"

"मी नाही बुवा," पोस्टमन म्हणाले. "मी घोड्याला पाणी पाजत होतो."

"माझ्याकडे बघू नका, मी तर शटर दिसलं की तेच चोरते," औषधवाली म्हणाली. "ए ढालाईत, तूच रे! चेहराच सांगतोय. कर कबूल, म्हणजे चहा प्यायला मोकळे."

नेमकी तेव्हाच मिस्त्रींची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली. "कोण काय विसरलं? हाच असणार. याला त्याची सवयच आहे."

सगळे हसले. मेव्हणा हसला नाही. त्याने फासा टेबलावर ठेवला आणि मिस्त्रींकडे पाहिलं. रागाने नव्हे, एखाद्या बंद लिफ्टमध्ये अडकलेला माणूस जाळीतून बाहेरच्या मिस्त्रीकडे पाहतो तसं.

"भाऊजी, पुस्तकात कोणी उघडं टाकलं होतं?"

मिस्त्रींच्या हातात बिस्कीट होतं. समोर बायको होती. पोस्टमन होते, औषधवाली होती. सगळी जवळची माणसं. नऊ वर्षं जे सांगायला जागा सापडत नव्हती ती जागा मेव्हण्याने झाडून, पुसून, पाट मांडून पुढे केली होती. एक नाव घ्यायचं होतं, तेही पुस्तकातल्या सरदाराचं. बाकीचं आपोआप झालं असतं.

"पुस्तकात शटरच नव्हतं रे," मिस्त्री म्हणाले.

काय हशा पिकला! पोस्टमनना ठसका लागला. ट्रे ठेवता ठेवता बायकोही हसली. आणि मेव्हणाही, थोडासा. मग तो म्हणाला, "बरोबर. मग मीच टाकलं." त्याने फासा टाकला, अठरा आले. दरबाराने ढालाईताला टाळ्या वाजवून माफ केलं. मेव्हण्याने चहा संपवला, कप विसळून पालथा ठेवला आणि "येतो" म्हणून गेला.

बुधवारी कळलं की त्याने बंदराकडच्या एका मोठ्या कारखान्यात मालाच्या लिफ्टवर नोकरी धरली आहे. ताईला त्याने फोनवर सांगितलं, "किती दिवस पिशवी उचलणार? भाऊजींना आता दुसरा कोणीतरी मिळेल." ताई म्हणाली, "नीट वाग तिथे. विसराळूपणा करू नकोस." तो म्हणाला, "नाही करणार."

त्यानंतरचे तीन रविवार मिस्त्रींनी गुडघ्यांची सबब सांगून खेळ बंद ठेवला. चौथ्या रविवारी पोस्टमन आणि औषधवाली स्वतःच येऊन बसले. बायको चहा घेऊन आली, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "थांब, बस जरा." आणि सगळं सांगितलं. गोष्टीतून नव्हे, सरळ. वायर कोणाची, विसरलं कोण, जिन्यात काय ठरलं होतं.

औषधवाली टेबलाकडे बघत राहिली. पोस्टमन म्हणाले, "त्या दिवशी मी फार हसलो हो." एवढंच.

 बायकोने कप भरले, एक कप स्वतःसाठीही भरला, आणि तो न पिता धरून बसली. मग म्हणाली, "तुम्ही मला बोलू दिलंत. नऊ वर्षं. त्याला मी काय काय बोलले, तुम्ही शेजारी बसून जेवत होतात."

मिस्त्री सरकारी कचेरीतही गेले. तिथल्या कारकुनाने कागद दोनदा वाचला. "फाइल बंद झालीय हो. आणि प्रमाणपत्र परत हवं असेल तर ज्याचं गेलं त्याने अर्ज करायचा. तुमचं नेमकं काम काय आहे?" मिस्त्री म्हणाले, चूक झाली होती ती सांगायला आलोय. "त्याचा काही फॉर्म नाही आमच्याकडे," कारकून म्हणाला. बिचारा खरंच शोधून सांगत होता.

बायको भावाकडे चार दिवस राहून आली. तिथून तिनेच मिस्त्रींना फोन लावला आणि भावाच्या हातात दिला.

"ताईने सांगितलं," मेव्हणा म्हणाला. आवाज बरा होता, नेहमीसारखा. "बरं केलंत."

"तू परत ये. अर्ज मी लिहून ठेवलाय, तू फक्त सही कर. पिशवी मी उचलीन."

"नको, भाऊजी. इथे ठीक आहे." मग म्हणाला, "पुस्तकात तो सरदार गुडघे टेकतो ना, तेव्हा ढालाईत समोर उभा असतो. तुम्ही सांगितलंत तेव्हा मी नव्हतो. मी होतो तेव्हा तुम्ही विनोद केलात. चांगला होता विनोद, मलाही हसू आलं. पण मला तो सारखा ऐकू येतो."

 "ढालाईत अजून शटरपाशी उभा ठेवलाय," मिस्त्री म्हणाले. "तुझ्यासाठी."

"जाऊ द्या त्याला. उगाच सगळ्यांचं अडतं."

पुढच्या रविवारी मिस्त्रींनी गोष्ट तिथूनच सुरू केली. ढालाईताने सरदाराची ढाल भिंतीला टेकवून ठेवली, शटर वर केलं, बाहेर गेला आणि बाहेरून ते नीट बंद करून घेतलं.

"अरे! मला न सांगता?" पोस्टमन म्हणाले. "गेला कुठे?"

मिस्त्रींनी फासा हातात घेतला होता. तो टाकायचा कशासाठी, हे आठवेना.

"मला नाही सांगितलं त्याने," ते म्हणाले.