पंचवीस किलोमीटरवरची धूळ

आमच्या लॅबमधले किस्से सांगायचे नाहीत असं मी रिटायर होताना ठरवलं होतं. पण धूळ कुणी बोलावल्यामुळे येत नाही, तसंच किस्स्यांचंही आहे. घर झाडलं की कोपऱ्यात सापडतातच!

आमचं काम सांगायला सोपं होतं. साठच्या दशकात मोठाले देश तिकडे अणुबाँब उडवायचे आणि त्याची धूळ इकडे पुण्यात बसून आम्ही मोजायचो. फुग्याला एक पेटी बांधून वर सोडायची. पेटीतला पंप हवा ओढायचा आणि आत व्हॅसलीन लावलेल्या धातूच्या पाच प्लेटवर धूळ चिकटायची. सगळ्यात मोठे कण पहिल्या प्लेटवर, सगळ्यात बारीक पाचवीवर. पेटी पॅराशूटने खाली आली की कोणत्या उंचीवर कोणत्या आकाराचे किती किरणोत्सारी कण, ते काउंटर नावाच्या यंत्रावर मोजायचं. मोजायची मी. वर सोडायचे दिघे. आणि दोघांनाही बोलायचे ते साहेब.

*

दिघ्यांचं लग्न ठरलं होतं, पण अडलं होतं. कसबा पेठेतल्या भावी सासऱ्यांनी अट घातली होती, आधी पीएच.डी., मग मुहूर्त. त्यांची मुलगी नलिनी दोन वर्षं थांबली होती आणि आता तिच्या धाकट्या बहिणीलाही स्थळं यायला लागली होती.

सासऱ्यांनी एकदा विचारलं, "आपण नेमकं मोजता काय?"

"आकाशातली धूळ."

"असं. मग हात धुऊन आत या."

*

व्हॅसलीनच्या दोन डझन बाटल्या मागवल्या, तर स्टोअरकीपरने कागद परत पाठवला. शेरा होता, 'ऐन मे महिन्यात एवढे ओठ कुणाचे फुटतात?'

मी खाली लिहिलं, 'अठरा किलोमीटरवर फार थंडी असते.'

मंजूर!

*

एका आठवड्यात काउंटरवरचे आकडे मधूनच चढायला लागले. दिघ्यांनी वायरी बदलल्या, मी टेबल पुसलं. शेवटी चढायच्या वेळा लिहून काढल्या, तेव्हा लक्षात आलं. साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले की आकडे चढतात.

सांगायचं कुणी? मीच गेले. "साहेब, आपण जवळ आलात की किरणोत्सर्ग वाढतो."

"माझा प्रभाव मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले.

प्रभाव मनगटावर होता. साहेबांच्या सासऱ्यांनी त्यांना दिलेलं, अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या आकड्यांचं घड्याळ! तेव्हापासून ते व्हरांड्यात खिळ्यावर टांगलेलं असे. किती वाजले विचारलं, की साहेब खुर्चीतून उठून बाहेर जात.

*

पेटीवर साहेबांनी स्वतः मराठीत चिठ्ठी डकवली होती, 'उघडू नये. धोका नाही.'

कात्रजच्या पलीकडचे एक पाटील पेटी मांडीवर घेऊन एसटीने आले आणि म्हणाले, "धोका न्हाई तर उघडायची का न्हाई? आन् धोका हाय तर माझ्याच वावरात का टाकली?"

साहेब कुणाशीही वादात हरत नसत. त्यांनी चहा मागवला.

*

दिघ्यांच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण एका चांगल्या उड्डाणावर अडलं होतं. पंचवीस किलोमीटरपर्यंत फुगा जायला हवा होता आणि पेटी परत यायला हवी होती. फुगे आधीच फुटत, आणि पेट्या तर निम्म्या कुठे पडत ते देवालाच ठाऊक. महिन्यापूर्वी एक पोचला, तर त्याची पेटी बेपत्ता. अखेर आणखी एक फुगा पोचला. पेटी हडपसरच्या पुढे एका मळ्यात उतरल्याचा निरोप आला. दिघे आणि मी जीपने गेलो. वाटेत त्यांनी मला मुहूर्ताच्या तीन तारखा ऐकवल्या.

मळ्यातल्या आक्कांनी पेटी ओट्यावर मांडून ठेवली होती. उघडून. पाचही प्लेट उन्हात लखलखत होत्या.

"लई चिकाट झाल्त्या वो," आक्का म्हणाल्या. "राखंनं घासल्या. दोनदा."

दिघ्यांनी एकेक प्लेट उलटीपालटी करून पाहिली. मला त्यांच्याकडे बघवेना. चार वर्षांची मेहनत त्या बाईने भांड्यांबरोबर घासून ठेवली होती, तीही मायेने. रागवायचं तरी कुणावर?

तरीही दिघ्यांनी लॅबमध्ये आल्यावर त्या प्लेट काउंटरखाली ठेवल्याच. आणि आकडे आले! घासूनही कण उरले होते! दिघ्यांनी आलेख काढला, पेढे आणले. साहेबांनी एक पेढा खाल्ला आणि आलेख पाहिला.

"दिघे, पाचही प्लेटवर सारखेच आकडे? वरच्या आकाशात एवढी समता कधीपासून आली?"

साहेबांनी आलेख खाली ठेवला.

"झाड मातीतून थोडं किरणोत्सारी द्रव्य शोषतं. लाकूड जळलं की ते राखेत उरतं. त्या बाईंच्या चुलीतली राख आणा आणि मोजा."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा मळ्यात. दिघ्यांच्या हातात रिकामा डबा होता आणि चेहरा त्याहून रिकामा. मुहूर्ताचं त्यांनी काही काढलं नाही. आक्कांनी चहा दिला, डबाभर राख दिली आणि जरा धास्तावून विचारलं, "का वो, कमी घासल्या गेल्या का?"

"नाही आक्का," दिघे म्हणाले. "छान झाल्यात."

आक्कांचा जीव भांड्यात पडला. "तर वो! आमच्यात असलंच काम. न्हाई तर ती बांधापल्याडची शेजारीण. म्हैना झाला, तुमची तसलीच पेटी तिच्या परड्यात पडलीया. आळशी बाई! अजून साधं झाकान बी उघडलं न्हाई तिनं!"

दिघे चहा तसाच टाकून बांधाकडे धावले. अनवाणी.