दिल्लीला जाताना अजमेर

अंबरनाथच्या क्वार्टर्सच्या अंगणात सायकल उलटी करून ठेवलेली, दिनकरकाका साखळीला तेल घालताहेत आणि मी पेडल फिरवते आहे. "हळू गं, ही पिठाची चक्की नाही!" असे ते हसत म्हणतात. शाळेच्या फ्रॉकवर तेलाचा डाग पडला म्हणून दुसऱ्या दिवशी सिस्टर रागावल्या. पण काकांशी माझी ओळख झाली ती त्या रविवारी. पुढे क्वार्टर्समधल्या आम्हा सगळ्या मुलींना सायकल शिकवली ती त्यांनीच.

काका कारखान्यात मशीनचे नकाशे काढत. रजा साठवून सायकलने दिल्लीला जायचे, हे त्यांचे स्वप्न. नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा सरळ रस्ता त्यांनी आखला होता. तो वाकडा केला जसोदाबाईंनी.

फाळणीनंतर कराचीहून बोटीने आलेल्या जसोदाबाई उल्हासनगरच्या कॅम्पात राहत आणि आमच्याकडे पापड विकायला येत. उडदाच्या पापडात डाळिंबाचे दाणे भरडून घालायची त्यांच्या माहेरची रीत होती. धाकटी बहीण सुंदरी त्या गडबडीत मागे राहिली. नंतर ती अजमेरला पोहोचल्याचे कोणाकडून तरी कानावर आले, पत्ता मात्र नाही. मुलगी मोहिनी हिचे लग्न ठरले होते, तरी जसोदाबाई तारीख काढेनात.

"अदा," त्या काकांना म्हणाल्या (सिंधीत अदा म्हणजे भाऊ), "इतनी दूर जाणार, तर माझ्या सुंदरीला पण बघा ना. मासीशिवाय मोहिनीची शादी कशी करू?"

"बघतो," काका म्हणाले आणि नकाशावर इंदूरपासून रतलाम, चितोडवरून अजमेरपर्यंत नवी रेघ ओढली.

सुंदरीसाठी दिलेले पापड त्यांनी पत्र्याच्या डब्यात घालून कॅरिअरला घट्ट बांधले. मध्य भारतातल्या खडीच्या रस्त्यांनी त्यांचा चुरा केला. अजमेरला सिंधी वस्तीत दिवसभर विचारूनही सुंदरीबाई सापडल्या नाहीत. संध्याकाळी चहाच्या टपरीवर थकून बसलेल्या काकांनी तो डबा उघडला. तुकडे आता भेट म्हणून कसे द्यायचे? त्यांनी ते चहावाल्याच्या शेगडीवर भाजले आणि पापडाशिवाय पाणी द्यायचे नाही, ही जसोदाबाईंची शिकवण आठवून बाकावरच्या सगळ्यांपुढे धरले.

दूध न्यायला आलेल्या एका बाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि त्या जागीच थांबल्या. "अनारदाना? ये तो हमारे घर का है! किसने दिया?"

"जसोदाने," काका म्हणाले. बाईंच्या हातातले दूध सांडले.

फाळणीतल्या त्या प्रवासानंतर सुंदरीबाईंना आगगाडीची धास्ती बसली होती. एकट्या गाडीत चढायला त्या तयार होईनात. काकांनी दिल्लीचा बेत सोडला, सायकल गार्डाच्या डब्यात टाकली आणि त्यांच्याशेजारी बसून त्यांना कल्याणपर्यंत आणले. दोघी बहिणी फलाटावर काय बोलल्या ते कोणालाच कळले नाही. दोघी एकदमच बोलत होत्या.

घरी काकांच्या पत्नी इंदूकाकू मात्र म्हणाल्या, "मशीनचे नकाशे काढता, आणि चार पापड बांधता येईनात?"

"बांधता आले असते, तर सुंदरीबाई सापडल्या असत्या का?"

"आणि दिल्ली?"

"ती कुठे पळून जाते?"

मोहिनीच्या लग्नात काका मामाच्या मानाने उभे राहिले. पुढच्या हिवाळ्यात ते दिल्लीला पोहोचलेही. पण अजमेरवरूनच गेले. चहावाल्याला पापड द्यायचे होते ना! या वेळी बांधणी इंदूकाकूंची होती.

आज पंचाहत्तरीतही ते रोज सकाळी बेलवलीपर्यंत सायकलने जाऊन येतात. त्यांचे गुडघे असेच कुरकुर न करता चालोत, आणि आम्हाला 'हळू गं' म्हणणारा तो आवाज पुष्कळ वर्षे कानावर येवो.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाच्या आयोजकांसाठी काकांच्या सूचना अशा आहेत: त्यांच्यासाठी आणलेली शाल सुंदरीमावशींच्या खांद्यावर घालावी. भेटीची सायकल मोहिनीच्या नातीला द्यावी; तेल घालायला मी शिकवीन. मोहिनीने केलेले पापड सगळ्यांना वाटावेत, त्यातला पहिला अख्खा पापड इंदूकाकूंना. तुकडे उरतील ते काकांसाठी राखून ठेवावेत. त्यांनी तेच मागितले आहेत.