कोयता की काठी

सातवीत शाळा सोडून मी बीडहून मुरबाडला आलो आणि पाड्यापाड्यांवर पायी फिरून स्टीलची भांडी विकू लागलो. पायवाटेवर घोणस असते हे ऐकल्यापासून मला चालायची धास्ती वाटे. म्हसा गावच्या जत्रेत लोहाराकडे मी कुऱ्हाड, सळई, विळा, सगळं हातात धरून पाहिलं आणि कोयता घेतला. आमचं घर ऊसतोडीचं, हाताला त्याचीच सवय.

ज्यांच्या पडवीत मी राहायचो त्या काकूंनी कोयता पाहिला. “यानं मारायला सापाच्या किती जवल जाशील रे?”

मी हात लांब करून दाखवला.

“तवर तो दोनदा डसंल. तुला साप मारायचाय का घरी यायचाय?”

“घरी यायचंय,” मी म्हणालो.

त्यांनी कुंपणातला माझ्याहून उंच बांबू तोडून दिला. “ही काठी आपटत चाल. हादरा बसला का तो वाट देतो. नाय दिली तर तू दे.”

आठवड्यातच वाटेत घोणस दिसली. मी लांबूनच काठी आपटली. ती हलली नाही, कुकरसारखी फुसफुसत राहिली. तिच्या पाठीवरची ठिपक्यांची साखळी मी पहिल्यांदाच नीट न्याहाळली आणि बांधावरून वळसा घेतला.

संध्याकाळी सगळं सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, “आलास ना? मंग जेव.”