आमच्या मोटर-मैदानाची एकच हरकत

मैदानाभोवती पत्रे लागले. निर्णय अजून यायचाय, पत्रे आधी आले. आमच्याकडे असंच असतं, नवरा ठरायच्या आधी मांडव. आणि पत्रे तरी साधे? नाही. पत्र्यांवर एका जुन्या रेसगाडीचं भलंमोठं चित्र, स्टिअरिंगवर चष्मा लावलेला साहेब, मागे उडणारी धूळ. खाली टॉवरचं नाव आणि वेग-वारसा असलं काहीतरी गुळगुळीत वाक्य. त्या चित्रात गाडीच्या मागे माणूस नाही. मला पहिली चीड आली ती त्याचीच. कारण ती गाडी बंद पडली की मागून ढकलायला माझे आजोबा असायचे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लालबाग आणि परळच्या मधे, एका बंद पडलेल्या गिरणीच्या पाठीमागे आमचं मोटर-मैदान आहे. टॅक्सीवाल्याला ‘रेसचं मैदान’ म्हणालात तर तो तुम्हाला महालक्ष्मीला घोड्यांकडे नेऊन सोडेल, म्हणून आम्ही ‘मोटर-मैदान’च म्हणतो. गिरणीच्या मालकाला मोटारींचं वेड होतं. त्याने मागच्या मोकळ्या जागेत डांबराचं रिंगण करून घेतलं आणि रविवारी तिथे शेठ-साहेबांच्या गाड्या पळायला लागल्या. कामगार भिंतीवर चढून बघायचे. त्यातल्या काहींना आत घ्यायचे, सांडलेल्या तेलावर वाळू टाकायला, पाणी आणायला, गाड्या ढकलायला. आजोबा आठवडाभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि रविवारी गाडीच्या मागे. “सहा दिवस कान फुटायचे, सातव्या दिवशी छाती,” असं ते सांगायचे, आणि हे सांगताना हसायचे का, ते मला लहानपणी कळायचं नाही.

पुढे शर्यती बंद झाल्या, मग गिरणी बंद झाली. रिंगण राहिलं. दोन्ही टोकांना ते ताटाच्या काठासारखं वर उचललेलं आहे, डांबराला भेगा आहेत, भेगांत गवत आहे. त्या उतारावरून पुठ्ठ्यावर बसून घसरताना मी तीन फ्रॉक फाडले. पोलीस भरतीवाली पोरं पहाटे तिथे धावतात. गोविंदा पथकं थर लावतात. आणि आमच्या चाळीतली प्रत्येक बाई स्कूटर शिकली ती तिथे. मीसुद्धा. मागचं कॅरिअर धरून आई धावत होती आणि ओरडत होती, “समोर बघ गो, माका काय बघतंस!” तिने कधी सोडलं ते मला कळलंच नाही. अर्धं रिंगण मी एकटीने मारलं होतं.

पत्रे लागायच्या आधी बातमी कळली ती मिस्त्रींमुळे. मैदानाच्या फाटकाशी जी पत्र्याची शेड आहे, जिथे पूर्वी शर्यतीच्या गाड्या उभ्या राहायच्या, तिथे त्यांचं गॅरेज आहे. वर्तमानपत्र पसरून त्यावर ते नट-बोल्ट मांडत होते. मला हाक मारली, “ए पुढारी, इकडे ये. हे बघ, आपल्या मैदानाचं काहीतरी छापलंय.” काळ्या तेलाच्या डागाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत जाहीर सूचना. ‘खेळाचे मैदान’ हे आरक्षण वगळून सदर जमीन ‘निवासी’ विभागात समाविष्ट करण्याचा प्रस्ताव. हरकती व सूचना एक महिन्याच्या आत. त्यातले नऊ दिवस उलटून गेले होते.

माझं शिक्षण म्हणाल तर बी.कॉम., पण खरी शिकले ती पत्रकांवर. कॉलेजपासून मी पत्रकं लिहितेय. फीवाढीवर, पाण्यावर, बसभाड्यावर. वर मोठा मथळा, खाली चार वाक्यं, शेवटी मागणी, उद्गारचिन्ह. हरकतीचा अर्जही मी तसाच लिहिला. एक पान. नाव, पत्ता आणि सहीसाठी रिकामी जागा. झेरॉक्सवाल्याने मशीन गरम झालं म्हणून मधे दोनदा बंद केलं, इतक्या प्रती काढल्या. मग मी आणि आमच्या चाळीच्या मंडळातल्या चौघीजणी प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारात. लोकांनी भिंतीवर कागद धरून सह्या केल्या, एकमेकांच्या पाठीवर ठेवून केल्या. एका काकूंचे हात पिठाचे होते, त्यांनी अंगठा दिला. कोणी “काय लिहिलंय गं?” विचारलं तर मी म्हणायचे, “वाचत बसू नका काका, सही करा. मैदान वाचवायचंय ना?”

वाचत बसू नका. हे मी म्हणाले. मी, जी सगळ्या जगाला वाचा, विचार करा, प्रश्न विचारा म्हणून सांगत फिरते.

सही दिली नाही ती फक्त आईने.

“माझी नको धरू,” ती भांडी पुसत म्हणाली.

“का?”

“त्या टॉवरच्या प्लॅनमध्ये वारसांची बिल्डिंग आहे. गिरणी कामगारांच्या. मंडळाचे अध्यक्ष सांगत होते. तुझ्या आजोबांच्या नावाचा घराचा फॉर्म अजून पडलाय माझ्या ट्रंकेत.”

“आई, ते गाजर आहे. सगळे बिल्डर दाखवतात.”

“असू दे गाजर. निदान गाजर तरी. तुझ्या पत्रकात काय आहे? नुसत्या वळलेल्या मुठी.” तिने ताट आपटलं. “माझे गुडघे बघ. गॅलरीच्या टोकापर्यंत संडासला जायचं, पाण्याची बादली घेऊन, ते आता मला होत नाही. मला घर पाहिजे. आतमध्ये मोरी-संडास असलेलं. आणि इथेच पाहिजे, तिकडे विरारच्या पलीकडे नको.”

“मग मैदानाचा बळी द्यायचा?”

“माका शिकवू नको,” ती म्हणाली. राग आला की ती मालवणीवर येते. “तुझ्या मागून धावलंय मी त्या मैदानात. माका ठाऊक आसा ता काय आसा.”

त्यानंतर चार दिवस आम्ही फक्त ‘जेव’ आणि ‘जेवले’ एवढंच बोललो.

सुनावणी पालिकेच्या ऑफिसच्या हॉलमध्ये होती. एसी इतका की चाळीतल्या बायकांनी पदर डोक्यावरून घेतले. एका टेबलावर टॉवरचं मॉडेल, त्यात हिरव्या स्पंजची झाडं आणि झाडांखाली बोटभर उंचीची गोरी माणसं. बाजूला बिल्डरचा तरुण माणूस लॅपटॉप घेऊन. पहिल्या रांगेत जुन्या मोटारींच्या क्लबचे एक गृहस्थ. त्यांना टॉवर नको होते, रिंगण जपायचं होतं. मला आधी बरं वाटलं. मग त्यांनी वकिलाकडून लिहून आणलेलं वाचलं: कुंपण घालावं, डांबर नव्याने करावं, वर्षातून दोनदा जुन्या गाड्यांचा मेळावा भरवावा, आणि एरवी ‘अनधिकृत वापर’ बंद करावा. अनधिकृत वापर म्हणजे आम्ही.

वाचून झाल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “आपण एकाच बाजूला आहोत, बेटा.”

“नाही आहोत,” मी म्हटलं. “तुमच्या आजोबांनी गाड्या चालवल्या. माझ्या आजोबांनी ढकलल्या.”

मागे कोणीतरी शिट्टी मारली. मला वाटलं, झालं, जिंकलो. पत्रकवाल्यांना एक वाक्य नीट बसलं की जिंकल्यासारखंच वाटतं.

मग सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आमचा गठ्ठा उचलला. सुतळी सोडली. वरचा कागद वाचला, खालचा वाचला, मधून एक ओढून काढला आणि तोही वाचला. “हे सगळं एकच आहे,” ते म्हणाले.

“साहेब, माणसं वेगळी आहेत.”

“मजकूर एक आहे ना? एकसारख्या मजकुराच्या हरकती आम्ही एकच धरतो.” त्यांनी कारकुनाकडे न बघताच सांगितलं, “लिहा. हरकत एक.”

हॉलमध्ये आवाज झाला. मिस्त्री उभे राहिले, “मी सही केलीय साहेब, ही माझी सही!” साहेब शांतपणे म्हणाले, “सही तुमची आहे. म्हणणं काय आहे तुमचं?” मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलेलं काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं. मीच वाचू दिलं नव्हतं.

आणि पुढचं पत्र साहेबांनी काढलं. वहीची दोन पानं, निळ्या शाईतलं तिरकं अक्षर. ते अक्षर मी माझ्या शाळेच्या डब्यावर बघत आले होते. त्यांनी नाव वाचलं. तिसऱ्या रांगेतून आई उठली. ती आली होती हेच मला माहीत नव्हतं.

हिशेब सरळ होता. आमच्या चाळी, गोविंदा पथक, भरतीची पोरं, पिठाचे हात, मिस्त्री आणि मी, सगळे मिळून एक. आणि माझी आई एक. मला साहेबांचा राग आला, मग आईचा, मग माझा स्वतःचा. पण स्वतःवरचा राग सगळ्यांसमोर काढता येत नाही, म्हणून मी परत साहेबांवर काढला. “ही लोकशाही आहे का?” वगैरे. ते पाणी प्यायले.

आईचं पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं. त्यात सासऱ्यांचं साच्यावरचं काम होतं, संप होता, ट्रंकेतला फॉर्म होता, गुडघे होते. ‘मला टॉवर नको, मला एक खोली पाहिजे जिच्यात संडास आतमध्ये असेल. त्यासाठी माझा प्रस्तावाला पाठिंबा आहे.’ बिल्डरच्या माणसाने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

आई बसली नाही. मॉडेलपाशी गेली. तिला वाकता येत नाही, म्हणून टेबलाचा काठ धरून उभी राहिली. “यात आमची बिल्डिंग कुठली?”

बिल्डरचा माणूस भिंतीवरच्या नकाशाकडे वळला. “मावशी, ही. टप्पा तीन.”

नकाशावर बाकीच्या इमारती रंगवलेल्या होत्या. कोपऱ्यात, नाल्याच्या बाजूला, एक छोटा चौकोन तुटक रेघेत होता. आत रंग नव्हता. मॉडेलमध्ये तर त्या जागी स्पंजचं झाड होतं.

“ही तुटक का?”

“प्रस्तावित आहे ना. पहिले दोन टप्पे पूर्ण झाले की...”

“तुटक रेघेत राहायचं कसं?” आई म्हणाली. “मागच्या खेपेला पण असंच दाखवलेलं. ह्याच गिरणीच्या पुढच्या जागेवर. तिथे आता मॉल आहे. मी फरशी पुसायला गेले होते त्याच्यात.”

तो हसला. हसायला नको होतं त्याने.

शेवटी साहेबांनी सांगितलं, ज्यांना स्वतंत्र लिहायचंय त्यांनी शुक्रवारी पाचपर्यंत आणून द्यावं. मधे दोन दिवस होते.

घरी येताना आई आणि मी एकाच फुटपाथवरून, मधे एक माणूस जाईल एवढं अंतर ठेवून चाललो होतो. मी म्हटलं, “मला सांगितलं असतंस तर...”

“तर काय? तू मला पण झेरॉक्स दिली असतीस.”



त्या दोन दिवसांत मी कोरे कागद वाटले. फक्त कोरे. “काय लिहू?” असं सगळ्यांनी विचारलं आणि मी जीभ चावून म्हणत राहिले, “तुमचं तुम्ही लिहा.” फार अवघड गेलं मला. एकाने लिहिलं की मैदान गेलं तर त्याच्या मुलाची भरती गेली. पिठाच्या हातांच्या काकूंनी दोनच ओळी दिल्या: ‘संध्याकाळी मी तिथे एकटी बसते. घरात एकटं बसायला जागा नाही.’ हे माझ्या कुठल्या पत्रकात आलं असतं? मिस्त्रींना मराठी लिहिता येत नाही, त्यांनी तोंडी सांगितलं, “लिही. अर्ध्या लालबागला ब्रेक मारायला मी ह्या मैदानात शिकवलं. आता साहेब लोकांना कोण शिकवणार?” मी म्हटलं, शेवटचं वाक्य काढू का? म्हणाले, “तुझं पत्र आहे की माझं?”

चौघापाचांनी घरांच्या बाजूने लिहिलं. मैदान जाऊ दे, घर द्या. एकाने तर मला टोमणाच मारला होता पत्रात: ‘पुढाऱ्यांना गॅलरी पुरते, आम्हाला नाही.’ कोणी बघत नव्हतं. ती पत्रं गठ्ठ्यातून बाजूला काढायला मला एक मिनिट लागलं असतं. मी ती काढली नाहीत, हे सांगताना मला अभिमान नाही वाटत, कारण काढायचं मनात आलं होतं. मी ती दोनदा वेगळी केली आणि दोनदा परत ठेवली.

शुक्रवारी निघताना आईने घडी केलेला कागद दिला. “हा पण दे. आधीचा रद्द समज म्हणावं.”

वाटेत मी तो उघडला नाही.

खिडकीतल्या कारकुनाने प्रत्येक कागद वाचून दोन ढीग केले, विरोध आणि पाठिंबा. आवक शिक्का मारत गेला. धप, धप. पावणेपाचला त्याच्या हाती आईचा कागद आला. त्याने वाचला, शिक्का हवेत थांबला. परत वाचला.

“हे काय आहे? विरोध की पाठिंबा?”

“वाचा ना मोठ्याने,” मी म्हटलं.

त्याने वाचलं. ‘आमची इमारत पहिली बांधा. सरळ रेघेत. गिरणीच्या जागेवर बांधा, तिथे मॉलच्या मागे गाड्या उभ्या करायची जागा आहे ती मी बघितली आहे. मैदानावर बांधणार असाल तर माझ्या नावाने बांधू नका. माझी मुलगी तिथे स्कूटर शिकली.’

मी खिडकीचा गज धरला.

“हे दोन्हीत बसत नाही,” कारकून म्हणाला. “घर पण मागतायत, विरोध पण करतायत. कुठल्याही एका बाजूने लिहून आणा.”

“नाही आणणार.”

“मॅडम, पाच वाजतायत.”

“मग तिसरा ढीग करा.”

“तसा रकानाच नाही.”

“रकाना आखा,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “पट्टी नसेल तर मी देते. पण रेघ सरळ मारा. तुटक चालणार नाही.”

त्याने माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि ड्रॉवर उघडून पट्टी शोधायला लागला. तो शोधत होता तोवर मी खिडकीतून हलले नाही.