पूजेतल्या पट्ट्या

आमच्या घरात दसऱ्याला चालत्या गाडीलाच हार पडतो. हा नियम नवऱ्याचा. माझी सायकल आठ महिन्यांपासून जिन्याखाली पंक्चर होऊन पडली होती. "दसऱ्याले चालली तं ठीक, नाई तं दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याले देऊन टाकू. अडचण होऊन राह्यली," असं त्यानं महिनाभर आधीच जाहीर केलं.

माझं डोकंच फिरलं. मी बोरगाव मेघेहून वर्ध्याला एका पाळणाघरात कामाला जाते. आठ महिने त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जात होते. त्याला उशीर झाला की मला उशीर, तो चिडला की मी रस्ताभर गप्प. सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणाच्या पाठीकडे बघत जायचं मला मुळीच पटत नव्हतं.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मिस्त्रीकडे गेले. सायकल दुरुस्त करून द्या म्हटलंच नाही, शिकवा म्हटलं.

"हात काळे होतीन, ताई."

"होऊ द्या."

रविवारी रविवारी त्याच्या दुकानापुढं बसून शिकले. पहिल्या दिवशी डावं पायडल सोडवायला सगळा जोर लावला, तर ते आणखीच घट्ट होत गेलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे त्यानं माझी बोटं सोलल्यावर सांगितलं. "आधी सांगता येत नव्हतं काय?" मी तिथंच भांडले. तो म्हणाला, "आता मरेपर्यंत नाई विसरणार तुम्ही." खरंच विसरले नाही. शेवटी त्यानं टायर उचलायच्या आपल्या दोन जुन्या लोखंडी पट्ट्या आणि एक पंप मला देऊन टाकला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरीच ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे आले तिथं ठिगळ लावलं आणि गल्लीत दोन चकरा मारल्या. नवरा दारात चहा पीत होता. त्यानं कपातून नजर वर केली नाही, म्हणून मी तिसरी चक्कर मारली.

सकाळी पाटावर त्याच्या पान्या-पेचकसांशेजारी माझ्या पट्ट्या आणि पंप मांडला. हळदकुंकू वाहिलं. मग सायकल बाहेर काढली, तर मागचं चाक बसलेलं. नवऱ्यानं एक हार मोटारसायकलला घातला, दुसरा खिळ्याला अडकवला आणि हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं.

तडक मिस्त्रीकडे गेले. दुकानाला तोरण, अवजारं पूजेत.

"पूजेतलं अवजार आज उचलत नाई, ताई. उद्या येजा." उद्या तर भंगारवाला येणार होता. मी वळले तेव्हा त्यानं मागून विचारलं, "टायरमधला काटा काढला होता काय?"

नव्हता काढला. ठिगळ ट्यूबला लावलं आणि बाभळीचा काटा टायरमध्ये तसाच ठेवून बसले होते. जन्म या काट्यांच्या मुलखात गेला, आणि माझी अक्कल ही!

घरी येऊन मी पाटावरच्या पट्ट्या उचलल्या.

"पूजा मोडून राह्यली काय?" नवरा ओरडला.

"सायकल बसली आहे आणि अवजारं पाटावर आराम करून राह्यली. अशी पूजा मले नाई पाहिजे."

टायरच्या आतून बोट फिरवलं. काटा लगेच टोचला. पकडीनं ओढून काढला, नवं ठिगळ लावलं, हवा भरली. हात काळे झाले होते, वर कुंकूही लागलं होतं. देव कोपायचा असेल तर कोपू दे, असं मी मोठ्यानं म्हटलं.

संध्याकाळी सायकलवरूनच मिस्त्रीला सोनं द्यायला गेले. त्यानं आधी अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं, मग आपट्याची पानं घेतली.

परत आले तर नवरा फाटकाशी खिळ्यावरचा तो हार घेऊन उभा. "आण, हँडलले घालतो," म्हणाला.

"राहू द्या," मी म्हटलं. "उद्या तिथं माझ्या डब्याची थैली राहीन."